तिसरं नाव

सेंट ओडिल,
गुरुवार, ९ सप्टेंबर १९७१

क्लेमेंट,

अक्षर ओळखून पाकीट तसंच चुलीत घालू नकोस. पत्र माझं आहे, बाबांनी सांगून लिहिलेलं नाही. ते मका कापायला गेलेत. माझ्या शेगडीवर बाटल्यांत भरायचे टोमॅटो उकळतायत, त्यामुळे मधेमधे उठावं लागेल. अक्षर बिघडलं तर समजून घे.

नऊ मैलांवर राहणाऱ्या मुलाला आई पोस्टाने पत्र पाठवते याची लॅम्बर्टला फार गंमत वाटली. "अडेला, हे तिकडे पोचेपर्यंत तू चालत जाऊन, कॉफी पिऊन परत येशील की!" मी म्हटलं, "तू पोस्टमास्तर आहेस ना? मग शिक्का मार." फोनवर बोलायची सोय नाही हे तुला माहीत आहे. आपल्या लाइनीवर अजून पाच घरं, एकाचं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं, आणि त्यातली फिलोमिना तर रिसीव्हर कानाला लावूनच जन्माला आलेली. तुझ्या घरी मी तुझ्या लिओनाच्या बाप्तिस्म्याला आले तीच शेवटची. बाबा बाहेर ट्रकमध्ये बसून राहिले होते. तो दिवस मी विसरलेली नाही, आणि तूही विसरला नसशील.

आपली बेसबॉलची टीम राज्याच्या सामन्यांत हरली हे तुला कळलंच असणार. तुमच्या बर्च फॉल्समध्ये त्या रविवारी बिअर कमी पडली असेल. पडू दे. इतकी वर्षं तुम्हाला आम्ही रडवलं, एकदा तुम्ही हसा. पण कशी हरली ते कुणाच्या तोंडून ऐकलंस कोण जाणे. गावात सतरा कारणं चाललीयेत. कॅचर सिल्व्हेस्टर म्हणतो अंपायर शहरातला होता, त्याला गावठी माणसं बघूनच पोटात दुखतं. सिल्व्हेस्टरची बायको म्हणते फादरनी सकाळची प्रार्थना लांबवली, पोरं उपाशीपोटी बसमध्ये चढली. बेकरीवाला म्हणतो ऊन डोळ्यावर होतं. ऊन काय फक्त आपल्याच बाजूला होतं? नाचता येईना अंगण वाकडं.

मी सव्वीस वर्षं या टीमची स्कोअरची वही लिहितेय. माझ्याकडून ऐक. नवव्या इनिंगपर्यंत आपण तीन-दोन पुढे होतो. आपल्याकडून चेंडू टाकणारा पिचर गेरहार्ट, त्याचा हात थकला. बाबांनी त्याला काढून तिसरा उसना पिचर आणला, तो शाळामास्तर ऑर्टमन. माणूस सज्जन आहे, चेंडूही जोरात टाकतो, पण तो कुठे जाणार हे त्याला ठाऊक नसतं आणि देवालाही नसतं. ओळीने पाच जणांना त्याने चार-चार चेंडू बाहेर टाकले आणि पाच जण फुकटात पहिल्या बेसवर गेले. तिघांनी तिन्ही बेस भरले, चौथ्याने पुढच्याला घरी ढकलून बरोबरी केली, पाचव्याने सामना संपवला. कुणी बॅटसुद्धा लावली नाही. वहीत मी पाचदा तेच अक्षर लिहिलं आणि पेन्सिल ठेवली. ऑर्टमन बिचारा तिथेच उभा राहून रडला. बाबा त्याच्याजवळ गेले, टोपी त्याच्या डोक्यावर नीट बसवली आणि बसकडे चालायला लागले. 

ज्याने हा उसन्या पिचरचा नियम काढला त्याला एकदा भेटायचंय मला. विभाग जिंकलेल्या गावाने राज्याच्या सामन्यांना जाताना हरलेल्या गावांतून तीन पिचर घ्यायचे. वर्षभर ज्याच्या नावाने बोटं मोडली त्यालाच आपला शर्ट घालायचा, त्याच्या आईला आपल्या बाकावर बसवायचं आणि "शाब्बास रे पठ्ठ्या" म्हणून ओरडायचं. यंदा आम्ही तुम्हाला हरवलं, आणि विभागातला सगळ्यात डोकेबाज पिचर तूच. सगळ्यांना वाटलं होतं की मॅनेजर ओथमार आपल्या मुलाला घेणार. रेडिओवर तीन नावं वाचली आणि त्यांत तुझं नव्हतं. तुमच्या वाणसामानाच्या दुकानात कुणीतरी मॉरीनला म्हणालं, "सख्ख्या बापालासुद्धा नको झाला काय गं तुझा नवरा?" हे माझ्यापर्यंत आलंय. फार वाईट वाटलं मला.

त्या यादीबद्दल मी आज लिहिणार नाही. एवढंच सांगते, बाबांवर त्याचा राग धरू नकोस. माझं ऐक.

रविवार ३ ऑक्टोबरला दुपारी चर्चच्या हॉलमध्ये टीमचं वर्षअखेरचं जेवण आहे. बाबा टीमचं मॅनेजरपद सोडतायत. बावीस वर्षं झाली. तू ये. त्यांच्याशी बोलला नाहीस तरी चालेल, नुसता येऊन बस. पाच वर्षांत तुम्ही दोघं एका टेबलावर जेवला नाहीत. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी कुणाला काय बोलू? मला अठ्ठावन्नावं लागलंय, गुडघे बोलतात, आणि मला दुसरं काही नको आहे.

टोमॅटो करपले. पुरे करते.

तुझी आई

*

सेंट ओडिल,
सोमवार, २० सप्टेंबर

क्लेमेंट,

तुझं कार्ड मिळालं. उघडं कार्ड टाकलंस, म्हणजे लॅम्बर्टने ते माझ्याआधी वाचलं. त्याने माझ्या हातात दिलं आणि पहिल्यांदाच काही विनोद केला नाही.

"बाबांना सांग, त्या सोमवारी मी संध्याकाळभर घरीच होतो."

बस, एवढंच. मी ते उभ्याउभ्या तीनदा वाचलं आणि पोस्टाच्या बाकावर बसले. म्हणजे तू वाट बघत होतास. मला वाटलं होतं, तू कुठे वाट बघणार? मी स्वतःला हेच समजावत होते. मुलगा पाच वर्षं तोंड बघत नाही, तो कशाला फोनजवळ बसतोय? आणि तू बसला होतास.

बाबांना मी ते कार्ड दाखवलेलं नाही. स्कोअरच्या वहीत ठेवलंय, ती वही ते हल्ली उघडत नाहीत. आणि आता जे लिहिते ते वाचून तू माझं तोंडही बघणार नाहीस, पण लिहिते. मला आता हे ओझं उचलवत नाही.

सोळा ऑगस्ट, सोमवार. रात्री आठच्या आत तीन नावं विभागाच्या चिटणिसाला कळवायची होती. ज्याचं नाव द्यायचं त्याला आधी विचारायचं, अशी रीत. पहिली दोन बाबांनी स्वतः फोन करून पक्की केली, गेरहार्ट आणि तो डावखुरा. तिसऱ्यासाठी ते सकाळपासून घरात येरझाऱ्या घालत होते. म्हशीसारखे दारात उभे राहायचे, परत गोठ्यात जायचे. संध्याकाळी जेवताना बटाट्यांकडे बघून म्हणाले, "अडेला, क्लेमला विचार."

मी म्हटलं, "काय विचारू?"

"येतोस का, म्हणून विचार."

"तू विचार की. तुझा मुलगा आहे."

"माझा फोन तो घेईल काय? तू विचार. मी गोठ्यात आहे." आणि दूध काढायची वेळ झालेली नसताना टोपी घालून निघून गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण त्या दिवशी पीळ गेला होता रे. पाच वर्षांनी त्यांनी तुझं नाव तोंडाने उच्चारलं. मी ते ऐकलं आणि मला आनंद व्हायला हवा होता.

मला भीती वाटली. खरं सांगते.

बाप्तिस्म्याच्या दिवशी तू सूप डाव्या हाताने खाल्लंस. तुला वाटलं मला दिसलं नाही. स्वयंपाकघरात मॉरीन म्हणाली, "सामना खेळला की दोन दिवस त्यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, आई. मी लावून देते." त्याच दुखऱ्या उजव्या हाताने तू दगडाच्या शेडमध्ये छिन्नी धरतोस, लोकांच्या थडग्यांवर नावं कोरतोस. त्या हातावर तुझं घर चालतं. बर्च फॉल्सचा मॅनेजर शहाणा आहे, पाच इनिंग झाल्या की तुला बसवतो. तुझे बाबा बसवतील? राज्याच्या सामन्यात, शनिवारी आणि लगेच रविवारी, सगळं गाव ओरडत असताना? बासष्ट साली बसवलं होतं?

त्या सामन्याचं कधी बोलले नाही मी तुझ्याशी. आता बोलते. जुलै महिना, ऊन मी म्हणत होतं, आणि सामना चौदा इनिंग चालला. तू अठरा वर्षांचा. चौदाच्या चौदा तू एकट्याने टाकल्यास. टाकलेल्या प्रत्येक चेंडूला वहीच्या कडेला एक रेघ मारायची माझी सवय आहे, दुसरं कुणी ती मारत नाही. त्या दिवशी दोनशे अकरा रेघा झाल्या. शंभरानंतरच मला कळत होतं. दीडशेनंतर माझा हात रेघा मारून दुखायला लागला, आणि तू तर चेंडू टाकत होतास! बेंच माझ्यापासून दहा पावलांवर होता. उठून "ओथमार, पोराला बस कर" एवढं म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. बायका बेंचकडे जात नाहीत, मॅनेजरला चारचौघांत बोलत नाहीत, म्हणून मी रेघा मारत बसले. आपण जिंकलो. नंतरच्या आठवड्यात तुझ्या कोपरातून आवाज आला आणि तुला बघायला येणारा तो मोठ्या क्लबचा माणूस परत कधी आलाच नाही.

मग चार वर्षांनी तू टेबलावरून उठलास आणि म्हणालास, "तुम्हाला दिसत होतं, बाबा." ते म्हणाले, "तू एकदाही दुखतंय म्हणाला नाहीस. म्हटलं असतंस तर काढलं असतं." तू म्हणालास, "पिचर कधी तसं म्हणतो का?" आणि घर सोडलंस. त्या भांडणात मला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर वही दाखवावी लागली असती.

तर त्या सोमवारी मी रिसीव्हर उचलला. आत फिलोमिना तिच्या बहिणीला पित्ताशयातल्या खड्यांची कहाणी सांगत होती. आपल्याकडे अशा वेळी म्हणायचं असतं, "बाई, लाइन सोड, महत्त्वाचं आहे." ती कुरकुरते, पण सोडते. मी म्हटलं नाही. रिसीव्हर परत ठेवला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तिथेच उभी राहिले. सव्वासात झाले. साडेसात झाले. परत उचलून बघितला, खडे अजून चालूच. पावणेआठला मी गोठ्यात गेले आणि म्हटलं, "नाही म्हणाला."

ते पाठमोरे होते. म्हणाले, "बरं." मग आत येऊन त्यांनी फिलोमिनाला लाइन सोडायला लावली आणि ऑर्टमनला विचारून त्याचं नाव दिलं.

म्हणजे बघ, फिलोमिना उठली असती. त्यांनी एका शब्दात उठवलं. मी उठवलं नाही.

आता तुला वाटतंय बापाने विचारलं नाही, आणि त्यांना वाटतंय मुलाने नाकारलं. दोघांच्या मधे मी आहे. बोलायला हवं होतं तेव्हा मी गप्प बसले, आणि नऊ वर्षांनी तोंड उघडलं ते खोटं बोलायला. तुझा हात वाचवायला गेले आणि काय करून बसले!

ऑर्टमनचं रडणं माझ्या डोळ्यापुढून जात नाही. तेही माझंच पाप.

तीन तारखेला ये. तू आलास तर मी तुमच्या दोघांसमोर सांगेन, एकटीने सांगायची छाती होत नाही. नाही आलास तरी मला कळेल का नाही आलास ते.

आई

*

सेंट ओडिल,
मंगळवार, ५ ऑक्टोबर

क्लेमेंट,

तू आला नाहीस. मी तुला दोष देत नाही, पण दारावर डोळे लावून बसले होते हे लिहून ठेवते.

जेवण नेहमीसारखंच. कोबी, सॉसेज, बटाटे, आणि सिल्व्हेस्टरच्या बायकोचा तो सफरचंदाचा केक, ज्याला कुणी नाही म्हणू शकत नाही आणि कुणी संपवूही शकत नाही. फादर बोलले, थोडक्यात बोलले म्हणून टाळ्या पडल्या. बाबांना टीमने एक घड्याळ दिलं. बाबा उठून म्हणाले, "यंदा पोरं चांगली खेळली. चूक माझी होती. तिसरा पिचर मी चुकीचा निवडला, ऑर्टमनची त्यात काही चूक नाही." आणि खाली बसले. ऑर्टमन मास्तर मान खाली घालून काट्याने कोबी ढकलत होता.

तिथेच संपायला हवं होतं. पण पलीकडून बेकरीवाला म्हणाला, "ओथमार, सगळं तू आपल्या डोक्यावर घेऊ नकोस. तू आधी क्लेमला विचारलं होतंस हे तूच मला सांगितलंस. तोच नाही म्हणाला."

आणि फिलोमिनाने चमचा खाली ठेवला.

"कधी नाही म्हणाला?" ती म्हणाली. "त्या सोमवारी सहापासून पावणेआठपर्यंत लाइन माझ्याकडे होती. मी माझ्या बहिणीशी बोलत होते. मधे दोनदा रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला. अडेलाच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ मी झोपेतसुद्धा ओळखेन, मागे टकटक टकटक चाललं होतं. उचललं, ऐकलं आणि ठेवलं. मला वाटलं, बाईला माझ्या खड्यांची काळजी दिसतेय."

कुणीतरी हसलं. मग कुणी हसेना. फिलोमिनाचा हेतू वाईट नव्हता रे. तिला स्वतःलाच आपण काय बोललो ते अर्ध्या मिनिटाने कळलं आणि तिचा चेहरा पडला. "मी म्हणजे… नंतर केला असशील गं तू," असं पुटपुटली. पण पावणेआठनंतर लाइन बाबांच्याच हातात होती.

बाबा माझ्याकडे बघत होते. मी ताटाकडे. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

त्यांनी कोबी संपवला. केकही संपवला, सगळा. नंतर तरुण पोरांबरोबर खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या, एकेक, चाळीसच्या चाळीस. ऑर्टमनशी हात मिळवला. मग आम्ही ट्रकमध्ये बसलो.

वळणापर्यंत आल्यावर विचारलं, "फोन केला होतास?"

"नाही."

"का?"

"तू त्याचा हात तोडला असतास. परत."

इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोललेली नाही. बोलून झाल्यावर मी हात मांडीखाली घेतले. ते गाडी चालवत राहिले. घरी आल्यावर कपडे बदलून थेट मैदानावर गेले आणि हंगाम संपलेला असताना सगळी माती ट्रॅक्टरने ओढून सपाट केली. अंधार पडायच्या आत परत आले, जेवले, झोपले. काल दिवसभर "मीठ दे" आणि "लाल गाय लंगडतेय" एवढंच बोलले.

तुझं कार्ड मी त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं. वाचलं. घडी घालून खिशात टाकलं. 

मी आता थकले रे. ओरडतील, भांडी फेकतील म्हणून तयारी केली होती, ही गप्प राहण्याची केली नव्हती. फिलोमिना आज सकाळी ब्रेड घेऊन आली आणि दारातच रडायला लागली. तिला मीच खुर्ची दिली, मीच कॉफी दिली. म्हणाली, "माझी जीभ कापून टाकायला हवी." मी म्हटलं, "राहू दे, गावाला बातम्या कोण सांगेल?" दोघी हसलो थोड्या.

गावात आता नवीन कारण चालू आहे. सिल्व्हेस्टर म्हणे पिठाच्या गिरणीत म्हणाला की अंपायर, ऊन, उपास काही नाही, मॅनेजरच्या बायकोमुळे हरलो. अगदीच खोटं नाही ते.

आई

*

सेंट ओडिल,
गुरुवार, १४ ऑक्टोबर

क्लेमेंट,

आठ दिवसांनी तोंड उघडलं तुझ्या बाबांनी.

सोमवारी सकाळचं दूध काढत होतो. मी या बाजूच्या गाईखाली, ते त्या बाजूच्या. मधे लाल गाय. तिच्या पाठीवरून आवाज आला, "अडेला, तू मला गोठ्यात येऊन सांगितलंस ना, नाही म्हणाला म्हणून."

मी म्हटलं, "हो."

"तेव्हा मला बरं वाटलं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "काय?"

"बरं वाटलं. हायसं. दिवसभर मला वाटत होतं, तो हो म्हणेल. तो आला असता तर मी त्याला काढलं नसतं. शनिवारी टाकायला लावलं असतं, रविवारीही लावलं असतं. तो काही बोलला नसता. मला माहीत होतं मी काय करणार ते." बादली जवळ ओढून म्हणाले, "म्हणून तर तुला फोन करायला सांगितलं. मी केला असता तर तो आला असता."

क्लेमेंट, मी उठले आणि त्यांना वाट्टेल ते बोलले. दोन महिने मी जळतेय, झोप नाही, गावात तोंड दाखवायची सोय नाही, आणि यांना म्हणे हायसं वाटलं! "मग हॉलमध्ये मला एकटीला का उभं केलंस सगळ्यांसमोर? इतके दिवस का सांगितलं नाहीस? आणि त्या पोराला काय म्हणालास? तू दुखतंय म्हणाला नाहीस, तू म्हणाला नाहीस!" गाय घाबरून लाथा मारायला लागली. बादली सांडली. सांडू दे म्हटलं. एवढं ओरडले की कुत्रा अंगणात जाऊन बसला.

ते त्या सांडलेल्या दुधात उभे. चौसष्ट वर्षांचा माणूस, एकदम म्हातारा दिसला मला. म्हणाले, "हे त्याला लिही."

मी म्हटलं, "मी नाही लिहिणार. तुमच्या दोघांच्या मधे उभं राहून खूप झालं माझं. फोन मी केला नाही, ते माझं पाप मी लिहिलं. तुझं तू लिही."

"मला लिहिता येत नाही तसं."

"बिलं लिहितोस, टीमची नावं लिहितोस, मग हेही लिहिता येईल."

काल दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. माझी स्कोअरची पेन्सिल घेतली. दीड तास बसले होते. मी कोबी चिरत होते, मागे वळून बघितलं नाही. तीन कागद फाडले, चौथा राहिला. घडी घालून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "वाचू नकोस." मी वाचलेला नाही. सोबत घातलाय.

तुला काय वाटायचं ते वाटू दे. ये म्हणून मी आता म्हणणार नाही, ते मी दोनदा म्हटलं. माझ्यावर रागावलास तर रागाव, तो तुझा हक्क आहे. तुझ्या तोंडचं उत्तर मी तुला न विचारता दिलं. तुझा हात, तुझा बाप, तुझं हो किंवा नाही. मी आई असले तरी ते माझं नव्हतं. याची क्षमा मागते. उजव्या हाताला रात्री गरम पाण्याची पिशवी धरत जा.

आई

*

क्लेम,

आई म्हणते मीच लिहावं.

बासष्टच्या सामन्यात अकरावी इनिंग संपली तेव्हा तू बेंचकडे येताना माझ्याकडे बघितलंस. तू काही बोलला नाहीस हे खरं. पण बघितलंस. मला समजलं होतं.

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. तू पाणी पिऊन परत जाईपर्यंत बांधत राहिलो.

नाडी सुटलेली नव्हती.

बाबा